कुत्र्यांची बाग आणि नानांचा बाक

प्रश्न : पुण्याच्या एका उपनगरातून आलेलं पत्र. लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या, नोकरी करणाऱ्या. त्यांच्या सोसायटीसमोर महापालिकेचं २६ गुंठ्यांचं उद्यान आहे. दहा वर्षांपूर्वी उद्घाटन झालं तेव्हा कारंजं उडायचं, आता त्याच्या हौदात वेफर्सची पाकिटं तरंगतात. दिवे फुटलेले, मागच्या भिंतीला भगदाड. दुपारी फाटकाला कुलूप असलं तरी भगदाडातून ये-जा चालूच. दिवसा पत्त्यांचे डाव, अंधार पडला की दारू. दोन महिन्यांपूर्वी एका मुलीच्या हातातला मोबाइल हिसकावला गेला, तेव्हापासून संध्याकाळी बायका तिकडे फिरकत नाहीत.

बाईंकडे चार वर्षांचा लॅब्राडॉर आहे. आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या कुत्रेवाल्या १९ घरांचा त्यांनी गट केला आणि प्रस्ताव तयार केला : मागची आठ गुंठे जागा जाळीने बंदिस्त करून तिथे डॉग पार्क (कुत्र्यांना मोकळं सोडायची जागा) करावा, म्हणजे 'उपद्रवी लोक आपोआप हटतील आणि बाग जिवंत होईल'. त्या कोपऱ्यात वस्तीतली मुलं क्रिकेट खेळतात, पण 'त्यांना शाळेचं मैदान आहेच'. विरोध आला तो ज्येष्ठ नागरिक संघाकडून. संघाचे अध्यक्ष त्यांचेच सासरे नाना, वय ७६, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. 'माणसांना बसायला बाक नाही आणि कुत्र्यांना बंगला,' असं त्यांनी बैठकीत सगळ्यांदेखत सुनावलं. त्याला पंधरा दिवस झाले, नाना रात्रीचं ताट स्वतःच्या खोलीत मागवतात. बाई विचारतात : सह्यांची मोहीम सुरू केली आहे, ती पुढे रेटू का? आणि नानांना पटवू कशी?

उत्तर :

ताई, तुमच्या कल्पनेत दम आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच शंका काढणार आहे.

ओस पडलेल्या बागेला ठरलेल्या वेळी, न चुकता येणारी माणसं लागतात. फिरायला जाणारे पावसात घरी बसतात, हास्यक्लबला गणपतीत सुट्टी, मुलांच्या परीक्षा आल्या की घसरगुंडी रिकामी. कुत्रं पाळणाऱ्याला यातली एकही सवलत नाही. अंगात ताप असला तरी सकाळी सहाला आणि रात्री नऊला पट्टा हातात घेऊन जिना उतरावाच लागतो. इतका वक्तशीर पहारा महापालिकेला पगार देऊनही मिळायचा नाही.

न्यूयॉर्कमध्ये हे घडून गेलंय. १९८० च्या दशकात तिथल्या बागा अंधार पडल्यावर लोक टाळायचे. कुत्रं मोकळं सोडायला नियमाने बंदी होती, पण सकाळी नऊच्या आधी आणि रात्री नऊनंतर कुणी सोडलं तर उद्यान खातं काणाडोळा करायचं. बागेत चिटपाखरू नसायचं त्याच वेळी कुत्रेवाली मंडळी येऊ लागली, आणि त्यांच्यामुळे इतरांनाही धीर आला. २००७ मध्ये ही सवलत रीतसर नियमात बसवली गेली. यात जाळी नाही, फाटक नाही, निधी नाही. नुसती वेळ वाटून घेतली. तुमच्या प्रस्तावात मात्र जाळी पहिल्या ओळीत आहे आणि वेळेचा उल्लेख कुठेच नाही.

बंदिस्त जागेचंही उदाहरण त्याच शहरातलं देते. टॉम्पकिन्स स्क्वेअर नावाची बाग आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये, रात्री बाग बंद ठेवण्यावरून तिथे पोलीस आणि लोक यांच्यात मोठी धुमश्चक्री झाली. दोन वर्षांनी तिथे कुत्र्यांसाठी वेगळी जागा झाली, शहरातली पहिली. आज ती बाग नांदती आहे. पण १९९१ मध्ये तिथे तंबू ठोकून राहणाऱ्या बेघरांना पोलिसांनी हुसकावलं, बाग वर्षभराहून अधिक काळ दुरुस्तीसाठी बंद ठेवली आणि आसपासची घरभाडीही चढली. मग श्रेय कुत्र्यांना किती द्यायचं? आणि तिथून फार लांब नसलेल्या ब्रायंट पार्कमध्ये तर कुत्र्यांचा संबंधच नव्हता. १९७० च्या दशकात तिथे अमली पदार्थांचा उघड धंदा चालायचा. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने बघून सांगितलं की उंच कुंपण आणि झुडपं यांच्यामुळे आतलं रस्त्यावरून दिसत नाही, हे मूळ दुखणं. १९८८ ला बंद केलेली ती बाग १९९२ ला उघडली तेव्हा झुडपं गेली होती, वाटा वाढल्या होत्या आणि हव्या तिथे ओढून बसता येतील अशा खुर्च्या आल्या होत्या.

तुमच्या बागेचं मेंदीचं कुंपण किती उंच आहे, हे पत्रात नाही. फाटकाबाहेर उभं राहून मागची भिंत दिसते का, एवढं उद्या बघून या. दिसत नसेल तर माळ्याची कात्री तुमच्या जाळीच्या आधी.

आता त्या 'उपद्रवी लोक' या शब्दांकडे येते. पत्रात ते चार वेळा आलेत, आणि दर वेळी माणसं वेगळी आहेत. पत्ते कुटणारे, झाडाखाली बसलेली कॉलेजातली जोडपी, दारू पिणारे आणि मोबाइल हिसकावणारा. यातले शेवटचे दोन पोलिसांकडे न्यायचे विषय आहेत. गस्तीवरच्या बीट मार्शलची फेरी ठरलेल्या वेळी मागा, तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पण पत्त्यांवर बसलेले कोण आहेत? जवळपास मजूर अड्डा असेल आणि सकाळी दहापर्यंत काम मिळालं नसेल, तर तो माणूस दुपारी जाणार कुठे? घर एका खोलीचं, तिथे मुलं झोपलेली. आणि जोडपी बागेत बसणार नाहीत तर कुठे बसतील, ते तुम्हीच सांगा. आपणही कधीतरी सारसबागेत बसलोच होतो की.

उपद्रवाची व्याख्या एवढी सैल ठेवली की डॉग पार्क हा 'आपल्यातले' आणि 'त्यांच्यातले' वेगळे करायचा गाळणा होतो. तुमच्या मनात ते नसेलही. पण १९ घरांकडे कुत्री आहेत आणि वस्तीतल्या पोरांकडे बॅट आहे, आणि जाळी नेमकी पोरांच्या खेळपट्टीवर येते आहे, हे कागदावर कसं दिसतं ते बघा. शाळेचं मैदान शाळा सुटल्यावर उघडं असतं का, हे मुख्याध्यापकांना विचारलंत? बऱ्याच शाळा संध्याकाळी फाटक लावून घेतात. तसं असेल तर मैदान 'आहेच' असं म्हणता येत नाही.

जागेचं गणित जरा सविस्तर मांडते, कारण अशी पत्रं मला नाशिक-ठाण्याहूनही येतात आणि सगळीकडे गाडी इथेच अडते. अमेरिकन केनेल क्लब ही तिकडची कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था. तो क्लब चांगल्या डॉग पार्कसाठी एक एकर किंवा जास्त जागा सुचवतो, म्हणजे ४० गुंठे. हैदराबादेत कोंडापूरला तिथल्या महापालिकेने २०१८ मध्ये डॉग पार्क केला तो १.३ एकरांत, म्हणजे ५२ गुंठे, आणि खर्च सव्वा कोटीच्या आत-बाहेर. गंमत म्हणजे ती जागा आधी कचरा टाकायची होती, त्यामुळे कुणाचा बाक, कुणाची खेळपट्टी हिरावून घ्यावी लागली नाही. तुमची सगळी बाग त्याच्या निम्मी आहे. आठ गुंठे म्हणजे साधारण ८,७०० चौरस फूट. अशक्य नाही, याहून लहान जागांतही लोक चालवतात. पण मग लहान-मोठी कुत्री एका वेळी सोडता येत नाहीत, पाळ्या लावाव्या लागतात. आत शिरताना एकामागे एक दोन फाटकं हवीत, कारण एक उघडलं की बाण सुटावा तसं कुत्रं रस्त्यावर. जाळी पाच फुटांच्या आत असेल तर तुमचा लॅब्राडॉर थांबेल कदाचित, पण गटातलं एखादं गावठी ती सहज पार करेल.

आणि चिखल! तुमच्या अंदाजपत्रकात 'लॉन' लिहिलंय, ते वाचून मला हसू आलं, माफ करा. रोज १९ कुत्री दुडदुडली तर जूनमधली हिरवळ आषाढी एकादशी बघत नाही. मुरूम, नीट उतार आणि पाण्याचा निचरा, यावर पैसे घाला. पाणी साचलं तर नुसते पाय खराब होण्यावर भागत नाही, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू बाधित कुत्र्या-उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि माणसालाही धरतात. पार्व्हो या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून लसी पूर्ण न झालेलं पिल्लू कितीही गोड असलं तरी आत नको. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, नंतर दर वर्षी. ज्याच्याकडे लसीचं पुस्तक आणि महापालिकेचा परवाना नाही त्याला प्रवेश नाही. माजावर आलेली कुत्रीही आणायची नाही, नाहीतर बाग खरंच जिवंत होईल, पण तुम्हाला हवी तशी नाही.

शीबद्दल एकच. 'मातीत मिसळून खतच होतं की' असं तुमच्या गटात कुणीतरी म्हणणारच. शेणाचा न्याय इथे लागत नाही. कुत्र्याच्या शीत जंतांची अंडी असतात, ती मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. ज्याने कुत्रं आणलं त्याने पिशवी आणायची.

त्या कोपऱ्यात चार भटकी कुत्री राहतात आणि शेजारच्या इमारतीतल्या एक काकू त्यांना खायला घालतात, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. खरं म्हणजे तिथल्या जागेचे जुने रहिवासी तेच. जाळी लागली की ती रस्त्यावर येतील आणि जाळीच्या बाहेरून आतल्यांवर भुंकत बसतील, मग दोन्हीकडचे लोक तुमच्या नावाने. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे त्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण हे महापालिकेचं काम. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्रत्येक प्रभागात खायला घालण्याच्या जागा ठरवून द्यायला सांगितलंय आणि रस्त्यात कुठेही खायला घालायला मनाई केली आहे. तेव्हा डॉग पार्कच्या अर्जाआधी या चौघांच्या नसबंदीचा अर्ज करा, आणि काकूंना सोबत घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा. ती चार कुत्री काकूंचं ऐकतात, तुमचं नाही.

आता नाना.

तुम्ही लिहिता, 'नानांना कुत्री आवडतच नाहीत, जुन्या वळणाचे आहेत.' पण त्याच पत्रात तुमचा लॅब्राडॉर दुपारी त्यांच्या खुर्चीखाली झोपतो असंही आहे. मग आडकाठी कशाला? माझा अंदाज सांगते. माझी मावशी सत्तरीची असताना शेजारच्यांचं असंच एक प्रेमळ कुत्रं धावत आलं आणि निव्वळ लाडाने तिच्या गुडघ्यांवर आदळलं. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, आणि जिना उतरून एकटीने भाजी आणायला जायचं तिचं कायमचं बंद झालं. कुत्र्याचे मालक तिला उचलतानाही म्हणत होते, 'काही करत नाही हो तो.' हे वाक्य कुत्रेवाल्यांनी निदान म्हाताऱ्या माणसांसमोर उच्चारू नये. या वयातल्या माणसाला चावण्यापेक्षा पडण्याची भीती जास्त असते, आणि ती भीती बोलून दाखवायची लाज वाटते, म्हणून ते बाकाबद्दल बोलतात. तसं बाकाचंही खरं आहेच. २६ गुंठ्यांत धड बसता येईल असे किती बाक उरलेत? मोजा.

अजून एक, जरा कडू. बैठकीत सगळ्यांदेखत सुनावलं याचा तुम्हाला राग आहे, आणि तो रास्त आहे. पण गट करताना, प्रस्ताव लिहिताना, नकाशा काढताना ज्येष्ठ संघाच्या अध्यक्षांना, तेही एका घरात राहत असताना, तुम्ही आधी काही सांगितल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. त्यांनाही ते बैठकीतच कळलं असेल तर ताट खोलीत का जातं हे मला समजतं.

म्हणून सह्यांची मोहीम महिनाभर थांबवा. सही मागितली की माणसाला बाजू घ्यावी लागते, आणि एकदा सही केली की फिरवता येत नाही. तुमच्या १९ घरांविरुद्ध ज्येष्ठ संघ ६० सह्या आणेल, मग नगरसेवक दोघांना चहा पाजून फाइल बाजूला ठेवेल.

त्या महिन्यात एक वही घाला. पंधरा दिवस, सकाळी सहा ते रात्री दहा, दर दोन तासांनी बागेत कोण आहे, किती आहेत, कुठे बसलेत. कुत्रेवाले, आजोबा, पोरं, पत्तेवाले, सगळे. वेळ दिसेल तशी दुखण्याची जागा दिसेल. मला वाटतं सकाळ तुमच्या बागेची बरीच असेल, आणि खड्डा रात्री आठ ते दहाच्या मध्ये असेल, बाग कागदोपत्री बंद आणि भगदाडातून चालू. तसंच निघालं तर महापालिकेकडे मागायचं ते हेच : भगदाड बुजवा, दिवे लावा, झुडपं कमरेइतकी ठेवा, आणि दहा वाजेपर्यंत पुढचं फाटक उघडं ठेवून तिथे सुरक्षारक्षक बसवा. त्या दोन तासांत तुमची कुत्री आत येतील, तूर्त पट्ट्यासकट. सकाळी सहा ते आठ ज्येष्ठांचे, तेव्हा एकही कुत्रं नाही. संध्याकाळी पाच ते सात पोरांचे.

पुणेकरांच्या हातात यासाठी एक सोय आहे जी फार थोडे वापरतात. २००६ पासून महापालिका आपल्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. ठरावीक मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन अर्ज द्यायचा असतो. दिवे, बाक, भिंतीची दुरुस्ती ही अगदी त्यात बसणारी कामं आहेत. ज्येष्ठ संघ आणि तुमचा गट यांनी एकच अर्ज दोघांच्या नावाने दिला तर त्याचं वजन वेगळं. पाळीव प्राण्यांना आत सोडायला मात्र उद्यान विभागाची लेखी परवानगी लागेल, कारण महापालिकेच्या बहुतेक उद्यानांच्या पाटीवर त्यांना मज्जाव लिहिलेला असतो. 'तीन महिन्यांसाठी, प्रायोगिक' असे शब्द घातले की अधिकाऱ्याची सही जरा लवकर होते. दुसऱ्या गावांतल्या वाचकांनी आपल्याकडे अशी योजना आहे का ते प्रभाग कार्यालयात विचारावं. आणि ज्यांचं भांडण सोसायटीच्या आतल्या बागेवरून आहे त्यांच्यासाठी : भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, वेळा ठरवून घेता येतात. म्हणजे तिथेही पुन्हा वेळापत्रकच.

तीन महिने तुमची १९ घरं रात्री आठ ते दहात खरोखर येतात का, ते बघा. आली, तर जाळीची मागणी करताना तुमच्या हातात वही असेल आणि विरोध निम्मा विरघळलेला असेल. तेव्हाही क्रिकेटचा कोपरा सोडून बंद पडलेल्या कारंज्याभोवतीची जागा मागा, ती आज कुणाचीच नाही. चार-पाचच जण आले, बाकीचे 'आज ऑफिसमधून उशीर झाला' म्हणाले, तर जाळीच्या आतही चार-पाचच आले असते, आणि उरलेल्या वेळी ती बंदिस्त, रस्त्यापासून लांबची जागा दारू पिणाऱ्यांना आयतीच मिळाली असती.

राहिलं नानांना पटवायचं. पटवू नका. चाळीसेक वर्षं ज्यांनी स्टँडवर उभं राहून कुठली गाडी कुठल्या फलाटाला कधी लागेल हे ठरवलं, त्यांच्या घरात बागेच्या वेळा ठरवायचा प्रश्न पडलाय आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. आज ताट खोलीत न्यायला मुलाला पाठवू नका, तुम्ही न्या. आधी न विचारल्याबद्दल एका वाक्यात चुकलं म्हणा, आणि कोरी वही तिथे ठेवून या. सकाळचे रकाने ते भरतील, रात्रीचे तुम्ही भरा. पहिल्या दिवशी बहुतेक ते तुमच्या रकान्यांच्या रेघा वाकड्या आहेत म्हणून पान फाडून नवीन आखतील. आखू द्या.